एकशिंगी चंद्री आणि टँकरचा धबधबा

"मॅडम, धबधबा चालू करायचाय. उद्या दुपारपर्यंत."

फोन आला तेव्हा माझा डावा हात खांद्यापर्यंत एका गायीच्या आत होता. गाय गाभण आहे का, हे असंच तपासतात. लांब प्लास्टिकचा मोजा चढवायचा, मागून हात घालायचा आणि गर्भाशय चाचपायचं. अशा वेळी फोन धरता येत नाही. म्हणून तो गायीच्या मालकिणीनं, गयाबाईनं, माझ्या कानाशी धरला होता. धरताना स्पीकरचं बटण दाबलं गेलं. चुकून की मुद्दाम, ते मी आजही सांगू शकत नाही.

पलीकडून बोलत होते आमच्या तालुका दूध संघाचे चेअरमन. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी संघाची पशुवैद्यकीय अधिकारी, म्हणजे सभासदांच्या जनावरांची डॉक्टर. गाय आटली म्हणून मला रोज कुणी ना कुणी बोलावतं. धबधबा आटला म्हणून आलेला हा पहिलाच फोन.

"अण्णा, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"म्हणून तर तुमाला सांगतोय. पाहुणे कठड्याजवळ आले की त्यांना बोलण्यात गुतवा. म्हशीच्या रोगाचं काय बी सांगा. तवर आमचा टँकर कड्यावर जाऊन पाणी सोडतो. मी उपरणं हलवलं की बाजूला व्हा. बास."

फोन बंद झाला. गायीनं शेपटी माझ्या तोंडावर मारली. मला ते योग्यच वाटलं.

आता धबधब्याचं सांगते. पाटोद्याच्या पुढं सौताडा आहे. तिथं विंचरणा नदी काळ्या कड्यावरून थेट दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचं देऊळ. पावसाळ्यात तिथं एवढ्या गाड्या येतात की धबधब्यापेक्षा हॉर्नचा आवाज मोठा असतो. मला विचाराल तर सौताडा बघावं हिवाळ्यात. गर्दी नसते, ऊन कोवळं असतं आणि चांगल्या वर्षी कड्यावरून वेणीएवढी धार शांतपणे उतरत असते. पण ते वर्ष चांगलं नव्हतं. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. धबधब्याच्या जागी होता नुसता कडा आणि त्यावर पाण्याचे जुने पांढरे ओघळ, न्हाणीघराच्या भिंतीवर असतात तसे.

आणि पाहुणे? ते कृष्णाकाठच्या एका मोठ्या दूध संघाचे. आदल्या वर्षी आमचं संचालक मंडळ त्यांच्याकडं अभ्यास दौऱ्याला गेलं होतं. सहकारात अभ्यास दौरा म्हणजे दुसऱ्याच्या गावी जाऊन भरपूर जेवायचं आणि येताना आपल्याकडं काय काय नाही याचा अभ्यास करायचा. तिथं जेवताना त्यांचे चेअरमन आबा सहज म्हणाले, "तुमच्याकडं बघण्यासारखं काय हाय ओ? बाभळीच न्हवं?" झालं. अण्णांनी पुरणपोळीचा घास खाली ठेवला. "आमच्याकडं धबधबा हाय. डिसेंबरात बी धो धो."

आता डिसेंबर आला होता आणि आबाही येत होते. पण धबधबा बघायला नव्हे. त्यांच्या संघाकडं मुरघास शिल्लक होता. मुरघास म्हणजे जनावरांचं लोणचं. हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद पिशव्यांत मुरवतात. महिनोन् महिने टिकतो आणि जनावरं आवडीनं खातात. हा मुरघास उन्हाळाभर एका दुष्काळी तालुक्याला द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. शेजारचा तालुका आणि आम्ही, दोघांनी मागणी केली होती. आबा एक दिवस तिकडं, एक दिवस इकडं पाहणी करणार होते. जिथं गरज जास्त, तिथं ट्रक.

आमची गरज मला पाठ होती. जनावरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. कडबा संपत आला होता. मुरघास मिळाला नाही तर होळीच्या आत निम्मे गोठे बाजारात उभे राहिले असते, आणि बाजारात तेव्हा गायीला गिऱ्हाईक नव्हतं.

मी हात धुतला. गयाबाईनं तांब्यातून मोजकं पाणी ओतलं आणि विचारलं, "कावून ओ डॉक्टरीणबाई, उद्या वर कड्यावर पानी सोडनार म्हंत्यात?"

"सोडणार म्हणतात खरं."

"अन् ते समदं दरीत जानार?"

मी मोजा गुंडाळला. "गयाबाई, तुमची जनावरं दुपारी कुठं चरतात?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून अशी हसली की गाय दचकली. "आता कड्यावरच चरतील की!"

तिथून मी तडक अण्णांच्या घरी गेले. शेवटचा प्रयत्न. अण्णा मोसंबीच्या बागेत उभे होते.

"अण्णा, लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आणि तुम्ही पाणी दरीत ओतणार?"

"गावाचा टँकर न्हाई ओ. पानी माझ्या हिरीतलं, टँकर भाड्याचा. ह्या झाडांसाठी ठिवलेलं पानी हाय. झाडं तहानली तर तहानली."

"पण पाणी पडताना दिसलं तर आबा म्हणतील, कुठाय दुष्काळ? चारा कोण देईल मग?"

अण्णांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं, जणू मी नुकतीच शहरातून आले आहे.

"मॅडम, दुष्काळ अर्जात लिवायचा असतो. घरी आलेल्या पाव्हन्याला दाखवायचा नसतो."

आमच्या भागात घरात पीठ नसलं तरी पाहुण्याला वाढताना हात आखडत नाहीत. मागच्या दारानं शेजारणीकडून आणतात आणि पुढच्या दारात 'अजून घ्या' म्हणतात. माझ्या लक्षात आलं नव्हतं ते एवढंच, की हा नियम अण्णांनी सबंध तालुक्याला लावला होता.

दुसऱ्या दिवशी आबा आले, दोन संचालक घेऊन. सकाळी चांगली थंडी होती. मांजरसुंब्याला चहा पिऊन आल्यामुळं सगळे खुशीत होते. पहिल्या गोठ्यात गेलो आणि मी दारातच थांबले.

अंगणात सडा. ओळखू न येणाऱ्या धुतलेल्या गायी. कडब्याची थोरली गंजी. आणि मध्यभागी तेलानं चमकणारी एक मुऱ्हा म्हैस, एका शिंगाला लाल गोंडा. दुसरं शिंग नव्हतं. मी तिला चांगलं ओळखत होते. ती अण्णांची चंद्री. तिचं शिंग ट्रॉलीत अडकून मोडलं तेव्हा मलमपट्टी मीच केली होती. मला बघताच तिला सुई आठवली आणि ती रेकली.

"झकास म्हस हाय," आबा म्हणाले.

घरमालकाचा चेहरा फुलला. त्याच्या स्वतःच्या दोन म्हशी दिवाळीतच विकल्या होत्या. चहा आला, पाण्याचा थेंबही नसलेला, निव्वळ दुधाचा.

दुसरा गोठा पुढच्या वस्तीवर होता. पोचायला जरा वेळ लागला, कारण अण्णांनी ड्रायव्हरला लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगितलं. का ते तिथं गेल्यावर कळलं. गोठ्यात चंद्री होती. गोंडा काढला होता. तिला धाप लागली होती आणि पाठीवर टेम्पोतली धूळ होती. मला बघून ती पुन्हा रेकली. मागं तीच कडब्याची गंजी, फक्त घाईत रचल्यामुळं एका बाजूला कललेली.

मी अण्णांच्या कानाशी लागले. "अण्णा, ही चंद्री."

"गप ऱ्हावा. लोकांची इज्जत हाय."

"अण्णा, चारा जाईल!"

"जाऊ द्या हो. पाव्हना काय म्हनंल?"

तिसऱ्या गोठ्यात चंद्रीच्या डोक्यावरून पोळ्याची झूल टाकली होती. नव्या नवरीसारखी ती मान खाली घालून उभी होती. या वेळी तिनं मला पाहिलं नाही. पण वास आला असावा. झुलीच्या आतून रेकली.

आबा बराच वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले. गाडीत बसल्यावर मागं वळून मला म्हणाले, "डॉक्टर, काल शेजारच्या तालुक्यात वाळलेलं गवत बी दिसलं न्हाई. तुमचं बरं चाललंय."

"तुमच्या आशीर्वादानं!" पुढच्या सीटवरून अण्णा आनंदानं ओरडले.

मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांपुढून मुरघासाचे ट्रक एकामागून एक शेजारच्या तालुक्यात वळले.

सौताड्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, तरी दरीतून येणारा वारा गार होता. मक्याची कणसं विकणारे नाहीत, फोटो काढणारे नाहीत. कठड्यावर चार-दोन माकडं, तीही खायला कुणी देईना म्हणून रुसलेली. समोर कोरडा कडा. आबांनी टोपी मागं सारून बघितलं.

"अण्णा, धो धो कुठाय?"

"आत्ताच बंद झालाय. म्हंजे, थांबून थांबून येतो. मॅडम, तवर त्ये म्हशीचं सांगा की."

मी कासदाहाबद्दल बोलायला लागले. कासदाह म्हणजे जनावराची कास सुजते तो रोग. धबधब्याच्या काठावर या विषयावर व्याख्यान दिलेली मी एकमेव डॉक्टर असेन. माकडंसुद्धा उठून गेली. तेवढ्यात समोरच्या कड्यावर झाडीत टँकरची निळी टाकी दिसली. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि एखाद्या सेनापतीसारखं फिरवलं.

वरून खळाळ ऐकू आला. पाणी सुटलं होतं.

आम्ही सगळे कड्याच्या कडेकडं बघत राहिलो. काहीच पडलं नाही.

"येतंय, येतंय. खडकावरून यायला येळ लागतो."

खळाळ चालूच होता. मग त्यात घंटांचा आवाज मिसळला. एक घंटा, मग पुष्कळ. पाण्याचा वास जनावराला फार लांबून येतो, आणि गयाबाईनं आपली एकटीची जनावरं नेली नव्हती. अख्ख्या वस्तीला निरोप दिला होता. नदीच्या कोरड्या पात्रात खडकांना खळगे आहेत. ते भरत होते आणि भरताक्षणी रिकामे होत होते. कड्याच्या टोकाला आधी दोन शेळ्या दिसल्या. मग गायी, मग म्हशी. ओल्या खडकाला जीभ लावून त्या चाटत होत्या. धबधबा म्हणून जे काही खाली यायचं होतं, ते काठावरच पिऊन संपलं.

एवढी हडकलेली जनावरं एका जागी मीही त्या वर्षी पाहिली नव्हती. धुवून, तेल लावून उभी केलेली ही जनावरं नव्हती.

तेवढ्यात पलीकडून गयाबाईची हाक आली. दरीत आवाज घुमतो, त्यामुळं ती हाक आम्हाला दोनदा ऐकू आली.

"अण्णाऽऽ! लई उपकार झाले बगा! आजून येक टँकर धाडा, म्हाताऱ्या गायी मागं ऱ्हायल्यात!"

अण्णांचं उपरणं हातातच राहिलं.

आबांनी विचारलं, "कुणाचं पाणी हे?"

"माझ्या... माझ्या हिरीचं."

"जनावरांसाठी सोडताय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी माकडं गेली त्या दिशेला बघितलं.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"रोज?"

मोठा श्वास घेऊन अण्णा म्हणाले, "रोज."

आबा हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग कठड्याला धरून. "सोडा मग रोज. आन् त्या एकशिंगी म्हशीला आता घरी न्या. सकाळपास्नं दमलीया बिचारी."

अण्णा पांढरे पडले.

"अवो, झूल टाकून म्हशीचं तोंड लपतंय, शिंग कसं लपंल? आम्ही बी शेणातच वाढलोय की. दुसऱ्या गोठ्यातच वळखली मी तिला. पर मला वाटलं, तुम्ही श्रीमंतीच मिरवताय, तर मिरवा. तुम्हाला नको असंल मुरघास." मग त्यांनी कड्यावरच्या त्या गर्दीकडं हात केला. "हे बघितल्यावर कळलं. साऱ्या तालुक्याला मिळून दाखवायला एकच म्हस उरलीया. ह्यांना चारा न्हाई द्यायचा तर कुणाला?"

अण्णांनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग हळूच म्हणाले, "आबा, जेवून जावा. भाकरी आन् पिठलं हाय. खरंच तेवढंच हाय."

"आत्ता बोललासा," आबा म्हणाले.

मुरघास आला. पहिला ट्रक उतरवताना आंबूस गोड वास सुटला आणि गोठ्यागोठ्यांतून हंबरणं उठलं, त्याहून चांगलं संगीत मी ऐकलेलं नाही. आबांनी त्यातल्या काही गाड्या शेजारच्या तालुक्यालाही वळवल्या. अण्णांनी त्याला हरकत घेतली नाही, ही सहकारातली मोठी घटना समजावी.

'रोज' हा शब्द मात्र अण्णांना महागात पडला. तो संचालकांनी ऐकला होता आणि दरीनं दोनदा उच्चारला होता. उन्हाळाभर त्यांच्या विहिरीचं पाणी कड्यावर जात राहिलं. टँकरला उशीर झाला की गयाबाई दारात उभी. "अण्णा, धबधबा कावून बंद हाय आज?" मोसंबीची बरीच झाडं गेली. अण्णा म्हणायचे, "झाडं पुन्ना लावता येत्यात, शब्द न्हाई." त्या दिवशी तपासलेली गयाबाईची गाय गाभणच निघाली. कालवडीचं नाव तिनं धबधबी ठेवलं.

तेव्हापासून पाहणीसाठी गेले की मी अंगणातला सडा बघत नाही, चहाही बघत नाही. थेट गोठ्यात जाते. तिथं एखादी तेल लावलेली, धाप लागलेली म्हैस दिसली, की शेजारचा गोठा रिकामा आहे असं समजते आणि मागणी दुप्पट लिहिते.