पास झालेली गावं

लोक त्यांना नुसतं 'तपासनीस' म्हणत. नोकरी संपत आली होती, गुडघा त्याआधीच संपला होता. काम एकच: पुरात पूल वाहून गेला, तर नदीपलीकडची गावं बाहेरच्या मदतीशिवाय किती तग धरतील ते पाहायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये, म्हणून. कुणाच्या सांगण्यावर ते विसंबत नसत. हातपंप स्वतः हापसायचे, पोत्यात स्वतः हात घालायचे.

या फेरीत मात्र ते पार थकले होते. पहिल्या गावात जनरेटर दिसला, मुठीला लाल चिंधी बांधलेला. दुसऱ्या गावात तीच चिंधी. तिसऱ्यातही तीच. गावांत आजवर आलेली प्रत्येक तपासणी बक्षिसाची असायची, गावांनी हीही तशीच धरली होती. त्यामुळे जनरेटर ट्रॅक्टरवर बसून त्यांच्या आधी पाहुण्यासारखा गावोगाव पोचत होता. तपासनीसांना हसूसुद्धा आलं नाही. कोण वाद घालत बसणार? तिन्ही गावं पास करून ते पुढे निघाले.

शेवटचं गाव त्यांच्या थोरल्या बहिणीचं. गावच्या कोठाराची किल्ली तिच्याच कमरेला. पोती पार छतापर्यंत रचलेली. पुढच्या रांगेत धान्य लागलं, मागच्या रांगेत हात घातला तर भुसा.

"ताई, हे काय?"

"हळू बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकीच्यांना पास केलंस, आणि सख्ख्या बहिणीच्या गावाला नापास करणार?"

तपासनीस तिथेच मटकन बसले. "अगं, यात बक्षीस नाही कसलं. जे गाव स्वतःच्या पायावर उभं आहे असं मी लिहितो, तिथे मदतीची होडी सगळ्यात शेवटी येते."

दारात ताईची सून उभी होती, दिवस भरत आलेली. ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं, मागचं पोतं ओढलं आणि सगळा भुसा जमिनीवर ओतला.

"लिही. भुसा आहे." मग थांबून म्हणाली, "मागच्या गावांना हे होडीचं सांगितलंस?"

"नाही."

"तिथलं खोटं तुला कळलं होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. तिथेही कुणाची तरी सून असणारच. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"गुडघा शेकून देते," ताई म्हणाली. "मग माघारी जा."

शेक घेऊन ते लंगडत बाहेर आले, तोच ट्रॅक्टर येऊन थांबला. मागे लाल चिंधीवाला जनरेटर. ड्रायव्हरचा चेहरा पडला.

"साहेब, तुम्ही जरा लवकरच आलात."

तपासनीस कण्हत कण्हत मागे चढले आणि जनरेटरला पाठ टेकून बसले.

"वळव," ते म्हणाले. "आलास त्याच रस्त्याने. प्रत्येक गावात थांबायचं."