रविवारचा रिकामा रकाना

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आज सातवीतल्या अंकितानं माझी चूक पकडली.

मंद्रूपजवळच्या आमच्या शाळेतली मुलं भूजल संशोधकांसाठी रोज टेपनं विहिरीच्या पाण्याची पातळी मोजतात. काल रविवारी कुणीच गेलं नव्हतं. शनिवारची आणि आजची पातळी सारखीच, म्हणून मी कालच्या रकान्यात तोच आकडा लिहिला.

"बाई, काल कुणी मोजलंच न्हाय की," अंकिता म्हणाली.

"अगं, तेवढीच असणार."

"असंल. पर बगितलं कुणी?"

तपासणीला येणारे साहेब शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात आधी रिकामा रकानाच शोधतात, म्हणून वीस वर्षांत मी एकही रिकामा ठेवलेला नाही. आज आकडा खोडून 'मोजले नाही' असं लिहिलं.

कपाटातली जुनी रजिस्टरं उघडायची हिंमत मात्र झाली नाही. तुमची होईल?