धपाक ताई

अपघात विभागातल्या सिस्टरचा आवाज तिच्या आधी पोचायचा. ती व्हरांड्याच्या त्या टोकाला बोलली, तरी या टोकाच्या खाटेवरचा रोगी सावरून बसायचा. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि चालण्यात अशी घाई की ट्रॉली ढकलणारे मामा म्हणायचे, "चाकं तुम्हालाच बसवायला हवी होती, सिस्टर. ट्रॉलीला उगाच लावली." काम तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण अंगावर पडलं नव्हतं. इतकी वर्षं होऊनही ती ड्युटीवर निघताना गुणगुणतच निघायची.

एका दुपारी तिच्याकडे डायव्हिंगचा सराव करणारी एक मुलगी आली. केस ओले, अंगात ट्रॅकसूट, सोबत घाबरेघुबरे झालेले कोच. तलावाच्या उंच फळीवर उभी असताना मुलीची छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या आणि ती तिथेच मटकन बसली होती. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, ईसीजी काढला, रक्त पाठवलं. सगळं ठीक निघालं.

"काळजीचं काही नाही. टेन्शन घेतलंयस," असं म्हणून ते शेजारच्या खाटेकडे धावले. तिथे खरंच धावायची वेळ होती.

मुलगी छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही, तर मग मी मरतेय असं का वाटलं?"

हा प्रश्न सिस्टरने कितीतरी तरुण चेहऱ्यांवर वाचला होता. परीक्षेच्या तोंडावर येणारे, नव्या नोकरीत घाबरून येणारे, सगळेच 'काही नाही' ऐकून मान खाली घालून घरी जायचे. तोंड उघडून विचारणारी ही पहिलीच. सिस्टरने पडदा ओढला, स्टूल पुढे घेतलं, मुलीच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला आणि मॉनिटर तिच्याकडे वळवला.

"हा आकडा दिसतोय? ही तुझी नाडी. आता फुंकर मार. गरम दुधावर मारतेस ना, तशी. लांबलचक, सावकाश."

मुलीने फुंकर मारली. आकडा जागचा हलला नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली, आणि आकडा एकेक पायरी उतरायला लागला.

"खाली येतोय," मुलगी हळूच म्हणाली.

"कोण आणतंय त्याला खाली?"

"मी?"

"मग काय मी? मी तर नुसती स्टुलावर बसलेय."

मुलगी हसली आणि सिस्टरच्या अंगावर शहारा आला. औषधाने माणूस बरा होताना तिने रोज पाहिला होता. पण आपल्या धडधडणाऱ्या छातीचा लगाम आपल्याच हातात आहे हे एखाद्याला कळताना पाहण्याची मजा काही औरच होती. पडद्याच्या फटीतून कोच सगळं बघत होते. निघताना ते म्हणाले, "सिस्टर, माझ्याकडे अशी अजून पोरं आहेत. फळीवर चढली की त्यांचं पाणी पाणी होतं. रविवारी येऊन सांगाल का त्यांना हे?"

सिस्टरने पुढचा मागचा विचार न करता हो म्हटलं.

पहिला रविवार साफ फसला. तिने रात्ररात्र वाचून भाषण तयार केलं होतं. मेंदू कसा चालतो, भीती कुठून येते, सगळं. तलावाकाठच्या बाकांवर पोरं बसली होती. थोड्या वेळात कुणी टॉवेलचं टोक पिळू लागलं, कुणी जांभई गिळू लागलं. एक उंच, काटकुळा मुलगा मात्र लक्ष देऊन ऐकत होता. त्यानेच विचारलं, "ताई, तुम्ही कधी त्या वरच्या फळीवरून उडी मारलीय?"

"नाही. मी काठावरूनच पाण्यात उतरते, तेही शिडीने."

"मग तिथे काय होतं, ते तुम्हाला कसं कळणार?"

मुलगा उर्मटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सिस्टरने हातातले कागद घडी करून पर्समध्ये टाकले. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी चढते मी."

तोंडातून शब्द निघून गेले होते. आता ते परत घेणार कसे?

घरी ऐकल्यावर तिची कॉलेजात जाणारी लेक हातातला घास ताटात ठेवून हसत सुटली. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा नवरा म्हणाला, "अगं, माळ्यावरचा डबा काढायचा तर तू मला हाक मारतेस." सासूबाईंनी मात्र विषय गंभीरपणे घेतला. "जा तू," त्या म्हणाल्या. "पण पोहण्याचा पोशाख मापाचा घे. बुडालीस तरी चालेल, फजिती नको."

रविवारी सिस्टर शिडी चढली. खालून फळी बरी दिसत होती. वरून तलाव साबणाच्या वडीएवढा वाटला. फळी पायाखाली लवली आणि तिच्या गुडघ्यांनी ताल धरला. तोंड कोरडं पडलं, बोटं गार पडली. जे जे तिने पोरांना सांगितलं होतं, ते सगळं डोक्यातून धुऊन निघालं. खाली पोरं श्वास रोखून उभी. ती तशीच काही वेळ उभी राहिली, मग वळली आणि शिडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली आली.

कुणीतरी खुदकन हसलं. तिला वाटलं, इथूनच पसार व्हावं. पण पाय जमिनीला लागल्याबरोबर तिच्यातली नर्स जागी झाली. ती पोरांसमोर फरशीवरच मांडी घालून बसली आणि आपलाच हात धरून नाडी मोजू लागली.

"बघा, अजून पळतेय. तोंडाला फडकं कोंबल्यासारखं झालंय. पोटात गोळा आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर असताना मला वाटत होतं, तुम्ही सगळे मला हसताय."

"मलापण तसंच वाटतं," काटकुळा मुलगा म्हणाला. "गुडघे तर माझेही हलतात."

"माझ्या पोटात ढवळतं," दुसरी म्हणाली. "मी दर वेळी जाऊन ओकून येते. कुणाला सांगितलं नाही."

मग बांध फुटला. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू. बापाच्या रागाची भीती, मागे एकदा पाठीवर आपटल्याची भीती, आपण टाकाऊ आहोत असं उघडं पडण्याची भीती. कोच तर थक्कच झाले. ही पोरं त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं ढिम्म राहिली होती. सिस्टरने भाषण दिलंच नाही. प्रत्येकाला तिने एवढंच विचारलं, "हे सुरू कुठून होतं? शिडीवर, फळीवर, की घरून निघतानाच?" आणि जिथून सुरू होतं, तिथे करायचं एकच छोटं काम प्रत्येकाने स्वतः निवडलं. कुणी फुंकर घेतली, कुणी शिडीच्या पायऱ्या मोठ्याने मोजत चढायचं ठरवलं.

घरी जाताना ती जवळजवळ पळत होती. कधी एकदा नवऱ्याला सांगते असं तिला झालं होतं.

त्यापुढच्या रविवारी ती पुन्हा चढली. या वेळी काम पोरांनीच ठरवून दिलं होतं: समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, लांब फुंकर सोडायची आणि फुंकर संपायच्या आत पाय उचलायचा. गुडघे हललेच, पण तिने त्यांना हलू दिलं. पाय उचलला आणि पुढचं तिला फक्त आवाजाने कळलं. असा काही आवाज झाला की तलावाचा पहारेकरी बाहेर धावत आला. ती वर आली तेव्हा नाकातोंडात पाणी, टोपी कुठल्या कुठे, आणि काठावर पोरांचा नुसता धुमाकूळ. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, धपाक ताई.

अपघात विभागात आलेली ती मुलगी त्या मोसमात स्पर्धेत उतरली. तिने फळीवर पाय ठेवला, थांबली आणि मागे वळून खाली उतरली. प्रेक्षकांत कुजबुज झाली. बाकावर बसलेल्या सिस्टरने नवऱ्याचा दंड इतका आवळला की तो कळवळला. नियमाप्रमाणे मुलीला एक संधी उरली होती, तीही गुण कापून. मुलगी शिडीशी उभी राहिली, गाल फुगवून सावकाश फुंकर सोडली, आणि पुन्हा चढली. या वेळी ती थांबली नाही. पाणी जेमतेम उडालं. नंबर काही आला नाही. पण ओल्या अंगानेच ती बाकांच्या रांगा ओलांडत वर आली आणि म्हणाली, "ताई, भीती होतीच. पण तिला घेऊनच उडी मारली."

त्या वाक्याने सिस्टरला झोपू दिलं नाही. तिने तरुणांना मनाची तयारी शिकवण्याचा रीतसर अभ्यासक्रम शोधला. सकाळी ड्युटी, संध्याकाळी वर्ग. लेक तिला इंग्रजी शब्द समजावून देई आणि चुकलं की आईसारखी ओरडे. अभ्यासात तिला एक गोष्ट पक्की कळली: आपण काय करू शकतो, याइतकंच काय करू शकत नाही हेही ओळखायला हवं. जे पोर खचूनच गेलंय, ज्याला जगणंच नकोसं झालंय, त्याला फुंकर मारायला सांगून भागत नाही. त्याला हात धरून डॉक्टरकडेच न्यायचं.

प्रमाणपत्र मिळालं तेव्हा तीन शाळा आणि एक नाट्यशिक्षण केंद्र तिला बोलवत होतं. आता दोन दगडांवर पाय ठेवून चालणार नव्हतं. ती मेट्रनबाईंच्या खोलीत राजीनामा घेऊन गेली आणि कागद तिने उलटाच पुढे केला. मेट्रनबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला.

"घाबरलीस?"

"खूप."

"मग जमेल तुला," मेट्रनबाई म्हणाल्या आणि सही करून टाकली. मामांनी तिची बॅग ट्रॉलीवर ठेवून फाटकापर्यंत वाजतगाजत आणली.

तलावाच्या इमारतीतच, वरच्या मजल्यावरची एक रिकामी खोली कोचने तिला मिळवून दिली. नवऱ्याने दिवे बसवले, लेकीने भिंत पिवळीधमक रंगवली. सासूबाई उद्घाटनाला आल्या, सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मन घट्ट करायला शिकवतेस ना? मग माझ्या मुलापासून सुरुवात कर. इंजेक्शन दिसलं की अजून डोळे मिटतो."

पहिल्या वर्गाला खुर्च्या कमी पडल्या. उशिरा आलेली पोरं खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसली. सिस्टरची छाती धडधडत होती आणि तिला ते आवडत होतं. ती तोंड उघडणार, तोच कट्ट्यावरच्या एका मुलीने हात वर केला.

"आम्ही इथे आलोय, म्हणजे आम्ही आजारी आहोत का?"

"नाही गं," सिस्टर म्हणाली. "पळायला शिकणाऱ्याचे पाय काय आजारी असतात? आजारी वाटलं तर तेही सांग, तेव्हा कुणाकडे जायचं ते मला ठाऊक आहे. आता उठा सगळे, खुर्च्या भिंतीला लावा. बसून शिकायची गोष्ट नाही ही."

खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला.