दत्तादाचं यान

दत्तादाला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि शेजारच्या पेशंटचा एक नातेवाईक मोबाइल रोखून त्याचं शूटिंग करत होता. "निघालं बघा यान!" म्हणून तो हसला. मी मोबाइल हिसकावायला गेले, पण दत्तादानं डोळ्यांनीच नको म्हटलं... त्याला सवय झाली होती. त्याच दुपारी तो गेला. व्हिडिओ त्याच्या आधीच गावभर पोचला होता.

कोल्हापुरात बसून विज्ञानपट काढणारा हा माणूस. कसबा बावड्यातल्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात त्यानं अंतराळयान उभं केलं. गूळ कढवायची भलीमोठी काहील पालथी घातली, तोच यानाचा घुमट. गोष्ट साधी होती. पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही, माणसं दुसऱ्या ग्रहाकडं निघतात, आणि यानातही काहींना पाणी वरून, शिवाशिव न होता, ओतलं जातं. ओंजळ धरणारी ती बाई मी होते. "एवढ्या पुढच्या काळात हे कशाला, दत्तादा?" मी विचारलं होतं. "ग्रह नवा हाय मंगल, माणसं हितलीच जाणार की!"

पहिल्या खेळाला नेमके त्या ओंजळीवरच लोक हसले. माझ्या डोक्यावरचं पत्र्याचं हेल्मेट डुगडुगत होतं म्हणे. या गावानं पडद्यावरच्या पत्र्याच्या मुकुटांना पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले... हेल्मेट मात्र त्याला सोसलं नाही. मागचा काळ कितीही खोटा दाखवा, चालतो. पुढच्या काळात आपलंच तोंड दिसलं की हसून मोकळं व्हायचं. तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरला. स्टँडवर अनोळखी माणसं ओरडायची, "ओ पावणं, यान कुठं लावलंय?" दत्तादा आधी त्यांच्याबरोबर हसायचा. मग मान खाली घालून चालायला लागला. मग घराबाहेर पडेनासाच झाला.

शोकसभेचा अध्यक्ष कोण, तर ज्या नटानं त्याची नक्कल करून वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या, तो. "द्रष्टा कलावंत" वगैरे बोलून झालं. मग पडद्यावर ओंजळीचा प्रसंग लावला आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग ओळच्या ओळ हसायला लागली. अध्यक्षांनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. संयोजक सिनेमा बंद करायला धावले, तशा दत्तादाच्या बायको, शालनवहिनी, उठून उभ्या राहिल्या.

"बंद करू नका. ह्येंचा सिनेमा शेवटपातूर कुणीच बघितला न्हाय. आज बघा."

लोक थोडा वेळ बसले. मग बाहेर चहा आल्याचं कळलं आणि हॉल रिकामा होत गेला. पुढच्या रांगेत आम्ही दोघीच उरलो. पडद्यावर यान उतरलं, दार उघडलं, कोवळी हिरवळ दिसली. माणसांनी गुडघे टेकून नवी माती कपाळाला लावली. मग एकानं काठीनं गावाची हद्द आखली आणि मला बोटानं दाखवलं... पलीकडं. मी चालू लागले. चित्र हलायला लागलं.

"ह्ये असं का हललंय गं?" वहिनींनी विचारलं.

"कॅमेरा दत्तादाच्या हातात होता," मी म्हटलं. "रडत होता तो."

बाहेर बहुतेक अध्यक्षांनी त्याची नक्कल केली असावी. मोठा हशा उसळला.