राणीचा उपास

लिंबायतच्या कामगार वस्तीत, आमच्या गल्लीत सुट्टीच्या दिवशी व्हीसीआर भाड्याने आणायचे. मी नववीत होतो. त्या दुपारी आमच्याच खोलीत राजा-राणीचा एक ऐतिहासिक चित्रपट लागला होता. राजा लढाईवर गेलेला, आणि तो परत येईपर्यंत राणी अन्नाला शिवत नव्हती. खोलीभर बसलेले कापड विणायच्या लूम कारखान्यातले पुरुष माना डोलवत होते. माझे वडील तर डोळे पुसत म्हणाले, "याला म्हणतात प्रेम!"

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या पाठीमागे आई मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती. वडील जेवल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि वडील चित्रपट सोडून उठत नव्हते. राणी उपाशी राहिली तर ते प्रेम, आणि आई राहिली तर कुणाच्या लक्षातही येऊ नये?

"आईनं सकाळपासून काही खाल्लं नाही!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

वडिलांनी टीव्हीवरची नजरही हलवली नाही. "तुला वाढलं ना तिनं?"

वाढलं होतं. चित्रपट सुरू व्हायच्या आधीच, गरम गरम. तेव्हा "तू जेवलीस का?" असं मीही तिला विचारलं नव्हतं.