मेंढरांची भिंत

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि ते आमच्याकडं बजाजनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायची. अजिंठ्याकडच्या डोंगरात त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेली होती. आमच्याकडं एक खोली, पुढं हातभर ओटा आणि ओट्यासमोर एका बंद शेडची लांबलचक सिमेंटची भिंत. मामा सकाळी ओट्यावर बसायचे ते दिवस मावळेपर्यंत त्या भिंतीकडं बघत. जेवलात का विचारलं तर नुसती मान हलवायचे.

नवरा म्हणायचा, "वय झालं त्यांचं. होईल सवय."

मला ते पटत नव्हतं. लग्न होऊन मी या खोलीत आले, तेव्हा पहिले सहा महिने मीही अशीच होते. कंपनीत पॅकिंगला जायचं, परत यायचं, मुकाट झोपायचं. एका सुट्टीला मी गेरू कालवला आणि गॅसच्या मागच्या भिंतीवर माहेरची चिंच काढली. फांदी न् फांदी आठवून काढली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. रंगानं माणूस जागेवर येतो हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण पक्कं माहीत होतं.

म्हणून एका रविवारी मी समोरच्या भिंतीचा एक तुकडा झाडून घेतला, चुन्यात डिंक घालून पांढरा हात दिला आणि वाळल्यावर कोळशानं एक मेंढी काढली. पदर सावरत, मामांकडं पाठ करून. दुसरी काढायला घेतली तेवढ्यात मागून आवाज आला.

"ती शेळी हाय."

मी वळले. मामा ओट्यावरून उठून रस्त्यात येऊन उभे होते.

"शेपूट वर काढायलीस. मेंढीची शेपूट खाली लोंबती."

मी शेपूट पुसली, खाली काढली.

"कान बारीक कर. लई मोठे झाले."

मी कोळसा त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच करा मामा."

त्यांनी कोळसा घेतला. कान बरोबर जागेवर आला. मग म्हणाले, "ही म्होरकी. हिच्या मागं समदी चालायची." एवढं सलग ते आमच्या घरात पहिल्यांदाच बोलले होते.

पुढच्या सुट्टीला मी शहरात शहागंजच्या बाजारात जाऊन काळा रंग आणि ब्रश आणले. दुकानातल्या चाचांनी विचारलं, "कित्ती बडी है दिवार?" मी हात पसरून दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "फिर तो बडा डब्बा लेव."

मामा आता रोज दोन-तीन मेंढरं काढायचे. एकीचा कान फाटलेला, एक लंगडी, एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली. कळपातली एकेक त्यांना तोंडपाठ होती. गल्लीत टँकर आला की बायका हंडे रांगेत लावून भिंतीपाशी यायच्या आणि मामा त्यांना सांगायचे, ही कुठल्या ओढ्यात पडली, हिला कसं काढलं. एक दिवस शेजारची बाई मला म्हणाली, "ताई, माझ्या गावची विहीर काढून द्या ना. भरलेली." मी तिच्या हातात ब्रश दिला. "मला येत नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "विहीर तुम्ही पाहिलीय, मी नाही." तिनं काढलेली विहीर परातीसारखी दिसत होती. ती मात्र सगळ्या रांगेला बोलावून दाखवत होती. दुसऱ्या एकीनं घरची नीळ कालवून फक्त एक निळं दार काढलं. कुणाचं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पाणी भरून झालं की ती थोडा वेळ त्या दारापाशी बसायची.

मग एका सकाळी शेडचा मालक गाडी घेऊन आला. "कुणी केलं हे?"

मी पुढं होणार तोच मामा म्हणाले, "म्या केलं. मेंढरं माझी हायेत."

"पुसून टाका सगळं."

"साहेब," मी म्हटलं, "याआधी या भिंतीवर लोक थुंकायचे, आडोशाला उभे राहायचे. आता कुणी करतंय का बघा." मालकानं खरंच भिंतीच्या कडेनं शेवटापर्यंत जाऊन बघितलं. परत आला तेव्हा आवाज उतरला होता. "गेटजवळ काही काढू नका," म्हणाला. मग गाडीत बसता बसता, "शेडचं नाव लिहून द्याल का?" मी लिहून दिलं. अक्षर माझं आजही चांगलं आहे.

भिंत तीन वर्षं टिकली. त्या भागात इमारती उठू लागल्या तेव्हा शेड विकली गेली. एक दिवस मी पहिल्या पाळीवरून आले तर समोर नुसता विटांचा ढीग. मामा परत मुके होतील असंच वाटलं. ते ओट्यावर दोन शेजाऱ्यांबरोबर चहा पीत होते.

"मामा, भिंत पाडली की हो."

"व्हय. मेंढरं कुठं एका जागी ऱ्हातेत?" असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली.

मला वाटलं, मला धीर द्यायला बोलतायत. पण दोन दिवसांनी अंगणवाडीच्या बाई आमच्या दारात आल्या. मामा त्यांच्याकडं आपण होऊन गेले होते आणि अंगणवाडीची बाहेरची भिंत रंगवायला मागून आले होते. पोरांना मेंढी आणि शेळी कशी ओळखायची ते शिकवतो, असंही कबूल केलं होतं.

"मग या रविवारी येताय ना?" बाईंनी मला विचारलं. "चुना तुम्ही आणणार, असं म्हणाले ते."

मला न विचारताच त्यांनी माझा रविवार देऊन टाकला होता.