सात घरांची हळद

लोक आजही म्हणतात, वरची आणि खालची आळी मी एक केली. मी ऐकून घेते. खरं सांगायचं तर मला गावाचं काही पडलं नव्हतं, मला एका माणसाचं नाक ठेचायचं होतं.

मुरबाडपासून जीपने तासाभरावर आमचं गाव. नव्वदच्या दशकात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि वरच्या आळीचा पुढारी पडला. खालच्या आळीच्या सात घरांनी आपल्याला पाडलं, असं त्याने मनात धरलं आणि वरच्या आळीला आमच्याशी बोलणं बंद करायला लावलं. त्याच पावसाळ्यात माझे सासरे गेले. आमच्याकडे मयताला प्रत्येक घरातून लाकूड येतं. वरच्या आळीतून एक काटकी आली नाही. दिराने गोठ्याचे वासे उपसले तेव्हा सरण पुरं झालं. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. याला सोडायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

दोन वर्षांनी, म्हसा गावची जत्रा उरकल्यावर, त्याच्या मुलीचं लग्न निघालं. मी धवलारीण. लग्नात देवांची, घरांची नावं घेत धवळे गाते, त्याशिवाय हळद लागत नाही. आसपास दुसरी कोणी मोकळी नव्हती. त्याने बायकोला पाठवलं, स्वतः आला नाही. मी लगेच हो म्हटलं. दीर भडकला.

"लाज नाय वाटत का गो वयनी?"

"गप बस आनि ऐक," मी म्हटलं.

हळदीच्या दिवशी आम्हाला जळवायला त्याने लाउडस्पीकरचा कर्णा खालच्या आळीकडे तोंड करून बांधला होता. बोलावणं फक्त वरच्यांना. इथेच तो फसला. धवळ्यात ज्या घराचं नाव येतं, त्या घरच्या सवाशिणीने हळद लावल्याशिवाय नवरीला पाटावरून उठवत नाहीत. मी वरची घरं संपवली, घोटभर पाणी प्यायले आणि खालच्या आळीचं पहिलं घर घेतलं. कर्ण्यातून ते खाली घराघरात ऐकू गेलं. सातही घेतली, शेवटी आमचं.

तो लालबुंद झाला. त्याची म्हातारी आईच त्याच्यावर ओरडली, "नाव घेतलंय ना? जा, बोलवून आन. पोरीला अशीच बसवशील का?"

भर दुपारी तो सात उंबरे हिंडला. आमच्या घराकडे वळला तेव्हा मी मांडवातून उठून मुद्दाम त्याच्या मागोमाग गेले. ते सुख मी कशाला सोडू?

"काकी, धाकट्या सुनंला पाठवा," तो म्हणाला. मग त्याची मान खाली गेली. "त्या दिशी मी यायला पायजे होतं."

आता या त्याला फाडून खाणार, म्हणून मी वाट बघत राहिले. सासूबाईंनी माझ्या जावेला, त्या धाकट्या सुनेला, चहा ठेवायला सांगितला. "बस रे. पोरीला कुठं दिली?"

त्या दिवसापासून गावकीची बैठक पुन्हा एकत्र भरते. भांडणं होतात, पण समोरासमोर. सासूबाई शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत राहिल्या. वाटेत भेटला की तो थांबतो, "बरी हायस ना?" विचारतो. मी पदर खोचते आणि चालू लागते.